तीनदा आपटलेलं पान

यंदा नागपंचमीला मी माहेरी, सोनईला गेले होते. पंचमी होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारची भाकरी खाऊन मी हात धूत होते, तर अंगणात आमचे हे उभे. हातात टोपी, पायावर गुडघ्यापर्यंत चिखल आणि सोबत पिशवी नाही. न्यायला येणाऱ्या नवऱ्याच्या हाती माझी थोरली जाऊ, अक्का, काही ना काही बांधून द्यायचीच... शेंगा, नाहीतर तांदळाच्या पापड्या, नाहीतर नुसता शिव्यांचा निरोप. पिशवी नाही म्हटल्यावर मी तशीच ओल्या हाताने बाहेर आले. ते म्हणाले, "अक्का गेली." आणि माझ्या तोंडून जो प्रश्न बाहेर पडला तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. मी विचारलं, "कुणी मारलं?"

त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. ओसरीवर टेकले, तांब्याभर पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "कुनी न्हाई मारलं. इळा लागला हुता अंगठ्याला. धनुर्वात झाला."

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. गावात जो भेटतो तो म्हणतो, बाई मोठी कष्टाळू होती, हाताला गुण होता. हेच लोक तिला पाठीमागे वाघीण म्हणत, आणि वाघिणीच्या अंगणातून जायला नको म्हणून बांधावरून वळसा घालून जात. मेल्या माणसाचं वाईट बोलू नये, हे मलाही ठाऊक आहे. पण अक्काचं चांगलं सांगायचं तर वाईट सांगितल्यावाचून ते सांगताच येत नाही, एकातून दुसरं निघतं. तिच्या तोंडावर मी जन्मभर अहो-जाहो केलं. आता मात्र 'ती' म्हणणार आहे. देवाला आणि मेलेल्या माणसाला एकेरीच हाक मारतात.

तिचं नाव अनसूया. माहेर भंडारदऱ्याकडचं. वडील धरणावरच्या सरकारी बंगल्यात माळी होते. साहेब मुक्कामाला आला की जेवणाच्या टेबलावर फुलं मांडायची, आणि फुलांच्या मागे हिरवी लांब पानं उभी करायची, हे त्यांचं काम. पुस्तकात ज्याला नेचा म्हणतात आणि पुण्याचे फूलवाले फर्न म्हणतात, त्याला आमच्या घरात नुसतं 'पाला' म्हणत. फूल दोन दिवसांत मान टाकतं, पाला आठ दिवस उभा राहतो, तेव्हा पाहुण्याला दिसो न दिसो, टेबल धरून ठेवतो तो पालाच, असं वडिलांनी तिला शिकवलं. लग्नात तिच्या रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी तेलाचे दोन रिकामे डबे मांडलेले होते आणि डब्यांत नेचे. आमच्या गावची मंडळी म्हणे पोट धरधरून हसली, की पोरीच्या बापाने सोबत गवत दिलं, आता म्हैस पण देईल. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पूर्वेला आमचं गाव, डोंगर संपतो तिथलं. पाऊस बेताचा. तिथे अक्काने विहिरीच्या थारोळ्याशेजारी, मोटेचं पाणी पडतं तिथे, आंब्याखाली गोणपाटाचा मांडव घातला आणि दोन डब्यांचे दोनशे केले. भंडारदऱ्याला फिरायला आलेल्या एका पुण्याच्या फूलवाल्याला वडिलांनी तिचा पत्ता दिला होता. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ओल्या गोणपाटात बांधलेले पाल्याचे जुडगे एसटीच्या टपावरून पुण्याला जायचे.

सत्तर सालच्या वैशाखात लग्न होऊन मी या घरात आले. सासू-सासरे नव्हते. थोरले भावजी, अक्का, आमचे हे आणि मी. हळदीचा रंग हातावरून उतरला नव्हता तेव्हा पहिल्यांदा बघितलं, भावजींनी वहाण काढून अक्काच्या पाठीत घातली. कारण आठवत नाही, कारण लागतही नसे. मी खांबाला धरून उभी राहिले, आता ही रडणार म्हणून. तिने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्यांच्या नडगीवर मारलं. भावजी लंगडत बाहेर गेले, अक्काने मुसळ जागेवर ठेवलं आणि मला म्हणाली, पीठ संपलंय, दळायला घे. आमच्या घरात मार मीठ-मिरचीसारखा होता, रोज लागायचा. आमच्या ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, हे सांगून ठेवते, नाहीतर वाचणारे दोघा भावांना एकाच माळेत ओवतील. पण भावाला आडवे जाण्याची त्यांची छाती नव्हती. "तू मदी पडू नगं," एवढंच म्हणायचे.

अक्काला मूलबाळ झालं नाही. भावजी त्यावरूनही मारायचे. आणि लोक म्हणायचे, पोर नाही म्हणून पाल्याला पोर करून बसलीय. मला या बोलण्याची चीड येते. पाला आधीपासून होता, रुखवतातच आला होता. आणि पाल्याला ती पोरासारखं वागवत असती तर पोर झालं नाही हे बरंच झालं म्हणायचं, कारण ती पाल्याला मारायची.

खोटं नाही सांगत. मोरीत एक चपटा काळा दगड आहे, कपडे धुवायचा. अक्का नव्या रोपाचं पहिलं भरलेलं पान कापायची, देठाला धरायची आणि त्या दगडावर तीनदा आपटायची. जोरात, धोब्यासारखं. मग पान उजेडात धरून बघायची, देठाच्या दोन्ही बाजूंच्या किती पाकळ्या गळल्या, कुठे मोडलं. त्याच्यामागे हिशेब होता. पुण्याला जाणारं पान टपावरून जातं, संगमनेरला हमाल ते एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर फेकतो. तिथे ते काचेच्या भांड्यात कसं दिसेल हे कोण विचारतो. तीन फटके खाऊन जे उभं राहिलं ते ती तांब्यात घालून खिडकीत ठेवायची, आठ दिवस. आठव्या दिवशी मान ताठ असली तर रोप राहायचं. नाहीतर मुळासकट उपटून उकिरड्यावर, मग ते दिसायला कितीही देखणं असो. मी एकदा असं एक उचलून परसात लावलं होतं, फार नाजूक होतं म्हणून. तिने ते दुसऱ्यांदा उपटलं आणि त्याच रोपाने माझ्या पाठीत सपकन मारलं.

तिला वेड होतं वेगळ्या पानाचं. फूलवाला पत्रात लिहायचा, सगळ्यांकडे एकच पाला आहे, काही नवीन निघालं तर कळवा. पत्र मी वाचून दाखवायची, कारण अक्काला अक्षर येत नव्हतं आणि मी सातवी झालेली. नवीन पाला काही बाजारात विकत मिळत नाही. तो आपोआप निघतो, शेकड्यात एखादं पिल्लू बिघडतं, तेवढंच. अक्का रोज पहाटे मांडवात वाकून असं बिघडलेलं पान शोधायची. माझ्या लग्नाच्या आधी एक वर्ष तिला ते सापडलं होतं. पानाचं प्रत्येक टोक दुभंगून, तिभंगून, न विंचरलेल्या पोरीच्या केसांसारखं पसरलेलं. तिने नाव ठेवलं झिपरी. दगडावर झिपरीची दोन-तीन पाकळ्यांवर सुटका झाली आणि खिडकीत ती अकरा दिवस टिकली. फूलवाल्याला एक पान पाठवलं तर त्याचं उलट टपाली पत्र आलं, की असं पान पुण्यात कुणाकडे नाही, वर्षभरात याचे डबे वाढवा.

वाढवणार कसे? साधा पाला बुडातून धावरे, म्हणजे जमिनीवरून पळणारे फुटवे, सोडतो आणि पिल्लं घालतो. झिपरी एकही पिल्लू घालेना. तेलाच्या एका डब्यात ती एकटी, जगात तेवढी एकच. माझ्या आधीचं एक आणि नंतरचं दीड वर्ष अक्का तिच्या पानांच्या पाठी उलटून बघायची आणि पान पुन्हा सोडून द्यायची. ती काय शोधत होती ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही... त्या घरात विचारायची रीतच नव्हती.

एकाहत्तरची दिवाळी झाली. अक्का जुडगे घेऊन एसटीच्या फाट्यावर गेली होती. मी मांडव झाडायला गेले आणि सहज झिपरीचं पान उलटं केलं. पाठीवर ओळीने तांबूस ठिपके, हात लावला की बोटाला तपकिरी भुकटी. मी सोनईची, गव्हाच्या मुलखातली. ही भुकटी मी ओळखत होते. मी दहा वर्षांची असताना आमच्या बापाच्या तीन एकर गव्हावर अशीच आली होती आणि ओंब्या पोचट निघाल्या होत्या. तांबेरा! आणि तो वाऱ्याने पसरतो, म्हणजे उद्या सगळा मांडव जाणार. मला खरंच वाटलं, आज मी या बाईचं सोनं वाचवलं तर ती मला माणसात धरील. डबा कडेवर घेऊन मी मोरीत आणला. रिठे भिजवून पाणी केलं, नारळाच्या काथ्याचा मऊ बोळा घेतला आणि झिपरीचं एकेक पान तळहातावर उलटं धरून पुसलं. पाकळीन् पाकळी. तपकिरी पाणी दगडावरून वाहत मोरीच्या भोकातून बाहेर गेलं. पुन्हा साध्या पाण्याने धुतलं. दीड तास लागला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. माझा मारुती कसा झाला ते पुढे ऐका.

अक्का आली तेव्हा मी चुलीपुढे होते. मी कौतुकाने सांगितलं, की झिपरीवर तांबेरा पडला होता, सगळा काढला. ती तशीच वळली. मोरीत गेली. डबा उजेडात नेला, एकेक पान उलटं केलं, एक ठिपका तरी उरलाय का म्हणून. एकही नव्हता, मी फार स्वच्छ काम केलं होतं. मग ती परत आली, चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि माझ्यावर धावली. मी उजवा हात आडवा धरला. मनगटापासून कोपरापर्यंत... वास आला तो माझ्याच हाताचा, हे कळायला मला क्षणभर लागलं. ती मारत होती आणि दात खाऊन एकच बोलत होती. "बी हुतं ते, भवाने. तिचं बी हुतं."

पाल्याला फूल नसतं, फळ नसतं. पानामागची ती भुकटी म्हणजेच त्याचं बियाणं. ती विटेच्या ओल्या चुऱ्यावर पेरून वर काच झाकली की रोपं निघतात, असं तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं. गव्हाच्या घरात वाढलेल्या पोरीला हे कोण सांगणार? आमच्याकडे पानावर तांबडं दिसलं की वाईटच. त्या रात्री आमच्या ह्यांनी हाताला कोरफड लावली. अक्का उपाशी झोपली. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. माझा राग कमी होता असं समजू नका. हात बरा होईपर्यंत मी रोज मनातल्या मनात तिला त्या दगडावर आपटत होते, तीनदा.

पुढच्या वर्षी बी धरेल, यावर तिने वर्ष काढलं. आणि पुढचं वर्ष म्हणजे बहात्तर. त्याबद्दल नगर जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगू... पावसाने तोंड दाखवलं नाही. झिपरीवर एक ठिपका आला नाही, नुसतं जगायची तिला मारामार. उन्हाळा आला तोपर्यंत आमच्या विहिरीच्या तळाशी घागर बुडेना, वाटीने भरावी लागायची. आमचे हे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मी सरकारी सुकडीच्या रांगेत. अक्काने अंघोळ सोडली. मोरीतलं सगळं सांडपाणी भिंतीमागच्या खड्ड्यात साठवायची, फडक्याने गाळायची आणि तेच मांडवाला घालायची. गावाला हे खरं वाटत नव्हतं. गावाला एवढंच दिसत होतं, की आख्खा शिवार करपलाय आणि या एका मांडवाखाली हिरवं आहे. शंभर टक्के खोटं लोकही म्हणत नव्हते. झिपरीसाठी ती रोज एक तांब्या विहिरीचं चोरायची, मी बघितलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

चैत्रातली दुपार. विहिरीवर पंधरा-वीस बाया घागरी घेऊन बसलेल्या, झरा भरायची वाट बघत. भावजी तिकडून चालले होते. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "तुमची बायकू पाल्याला पानी पाजती. आमची पोरं काय खडं चोखतील?" बाया हसल्या. भावजींना मार चालायचा, हसू चालायचं नाही. त्यांनी बांधावरची कुदळ उचलली आणि मांडवात शिरले. गोणपाट फाटला, बल्ल्या पडल्या. एकेक गड्डा खालून खणून ते बाहेर उन्हात फेकत होते, आणि बाया घागरी टाकून उठल्या आणि त्याही तुडवायला लागल्या. डबे लाथाडत होत्या. कुणाच्या तरी शेळ्या सुटल्या त्या हिरव्यावर. सहा महिने हिरवं न बघितलेलं जनावर ते, त्यांना कोण हाकलणार. अक्का घरातून फावडं घेऊन धावली आणि पहिला घाव तिने नवऱ्याच्या खांद्यावर घातला. ते वळले. कुदळीचा दांडा तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसला, त्याचा आवाज मी विहिरीच्या दुसऱ्या अंगाला ऐकला. ती खाली बसली. तरी ती रांगत झिपरीच्या डब्याकडे चालली होती. भावजींनी तो डबा उचलला, थारोळ्याच्या कठड्यावर आपटला आणि आतला गड्डा पायाखाली घेतला.

तीन वर्षांत मी भावजींपुढे पदर खाली येऊ दिला नव्हता, त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. माझ्या हातात लोखंडी बादली होती. ती त्यांच्या डोक्यात घातली. त्यांनी वळून बघितलं, मी पुन्हा घातली, कपाळावर. ते पडले. रक्ताने त्यांचे डोळे भरले. बाया पांगल्या. शेळ्या तेवढ्या खात राहिल्या.

दिराच्या डोक्यात बादली घालणारी सून घरात ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सोनईला पोचवण्यात आलं. अक्का तेव्हा संगमनेरला दवाखान्यात, हाड बांधून पडलेली, तिला भेटूही दिलं नाही. आईने विचारलं, एवढं तुला जाळलेल्या बाईसाठी? मला एवढंच कळत होतं, की झिपरी आता जगात नाही. पहिल्यांदा तिचं बी मी धुऊन टाकलं होतं, म्हणजे कुदळ भावजींची असली तरी अर्धा घाव माझाच होता.

आषाढ निम्मा झाल्यावर आमचे हे न्यायला आले. चेहरा उतरलेला. चार दिवस घरात चूल नव्हती. अक्काने पेटत्या चुलीत पाण्याची घागर ओतली होती आणि दारात बसून सांगितलं होतं, सोनईकरीण आल्याबिगर हितं भाकरी व्हनार न्हाई, मला मारायचं तर मारा. भावजींनी मारलं नाही. कपाळावर खोक घेऊन ते शेजारच्या आळीत जेवत होते.

मी घरात पाऊल टाकलं आणि अक्का आली. डावा हात अजून गळ्यात बांधलेला. उजव्या हाताने तिने माझ्या केसांना धरलं आणि ओढत घराच्या मागे नेलं. मला वाटलं, आता संपलं. मोरीच्या भिंतीमागे, जिथे सांडपाणी बाहेर पडतं तिथे, तिने माझी मान वाकवली, पार नाक भिंतीला लागेपर्यंत.

"ह्यो बग तुजा तांबेरा," ती म्हणाली.

भिंतीच्या दगडांच्या सांध्यांतून, भोकापासून खाली खड्ड्यापर्यंत, बोटभर-बोटभर उंचीची हिरवी रोपं निघाली होती. शंभर असतील, जास्तच. पावणेदोन वर्षांमागे रिठ्याच्या पाण्याबरोबर वाहून गेलेली ती भुकटी सांध्यांतल्या मातीत बसली होती. ऐन दुष्काळातही आमच्या घरात ओली राहिलेली जागा तेवढीच एक होती. काही रोपांची टोकं साधी होती, काहींची दुभंगलेली. मी तिथेच चिखलात बसले आणि रडले, आणि अक्काने माझे केस सोडले नाहीत. ती रडत नव्हती. तिची मूठ तेवढी माझ्या केसांत आणखी आवळली.

पुढचं वर्षभर आम्ही दोघींनी ती रोपं वाढवली. तिचा खांदा वर उचलेना, म्हणून खणायचं काम माझं आणि शिव्या तिच्या. दया तिने तेव्हाही दाखवली नाही. साधी निघाली ती सगळी उपटली. मी एकेकाला हात लावायला कचरायचे आणि ती म्हणायची, मर, ठेव मग गवत. दुभंगलेल्या टोकांची अकरा उरली. त्यांतली दहा झिपरीसारखीच. अकरावं मात्र झिपरीपेक्षा वेगळं, टोकं बारीक आणि दाट, पान चामड्यासारखं टणक. त्याचं पहिलं पान तिने दगडावर आपटलं. एक, दोन, तीन. पाकळी गळली नाही. तिने चौथ्यांदा आपटलं, पाचव्यांदा. मग दमून दगडावरच बसली. खिडकीत ते पान वीस दिवस उभं राहिलं. फूलवाल्याला पाठवलं. त्याने नाव विचारलं, म्हणजे गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते. मी पोस्टकार्ड घेऊन बसले. अक्का बराच वेळ माझ्या भाजलेल्या हाताकडे बघत होती. कातडी आखडल्यामुळे माझा तो हात पूर्ण सरळ होत नाही.

"लिव्ह, सोनई," ती म्हणाली. आणि लगेच, "हात सरळ धर, अक्षर वाकडं येतंय."

त्या डागाबद्दल ती याच्यापलीकडे कधी काही बोलली नाही. मीही तो उकरून काढला नाही. सोनईला पंचमीसाठी निघाले त्या सकाळी ती पाला कापत होती. मी पाया पडले तर म्हणाली, चार दिस म्हणून जाशील आन पंधरा दिस बसशील. हीच आमची शेवटची भेट. तोच विळा दुसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्याला लागला. तिने मांडवातली ओली माती लावली आणि कापत राहिली.

धनुर्वाताच्या माणसाला आवाज सोसत नाही. दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवतात, भांडं पडलं तरी अंग धनुष्यासारखं ताणतं. ह्यांनी मला सांगितलं, की ती दवाखान्यात होती ते तीन दिवस भावजी दाराबाहेर अनवाणी बसून होते. वहाणा रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या, करकर वाजतात म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप करत होते. जन्मभर जिच्यावर ओरडले तिच्या दारात ते कुजबुजतही नव्हते. मला हे ऐकून त्यांची दया आली नाही, उगीच कशाला खोटं लिहू. पण ऐकलं ते विसरलेही नाही.

गावी पोचल्यावर मी घरात न जाता मांडवात गेले. सोनईची नऊ रोपं झाली होती तोवर, नऊ डबे. नऊच्या नऊ डब्यांत बुडखे होते. एकही पान नाही, विळ्याने बुडाशी छाटलेली सगळी. मला काही दिसेनासं झालं. थारोळ्यापाशी बादली होती, तीच लोखंडी. मी ती उचलली आणि वळले तर भावजी आंब्याला टेकून बसलेले. त्यांनी बादली बघितली. उठले नाहीत, हात आडवा धरला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फुलं न्हाई मिळाली. तिच्या अंगावर घातला समदा." मग डब्यांकडे बघत म्हणाले, "ह्या बारीला मुळं न्हाई तोडली."

मी बादली खाली ठेवली. थारोळ्यातलं पाणी घेतलं आणि नऊ डब्यांना घातलं. भावजींशी मी तेव्हाही बोलले नाही, अजून बोलत नाही. पण सकाळी मी उठायच्या आत डबे भिजलेले असतात.

फूलवाल्याचं पत्र आलंय, सोनईची पानं का थांबली म्हणून. त्याला अजून कळवलेलं नाही. गेल्या सोमवारी तिसऱ्या डब्यात बुडख्याच्या मधून पहिलं पान वर आलं. नेच्याचं नवं पान उलगडलेलं येत नाही. ते गच्च वळलेल्या मुठीसारखं येतं, वर तपकिरी लव असते. आता पाच डब्यांत अशा मुठी आहेत, चार डबे अजून गप्प आहेत. पहिलं पान उलगडून भरायला आणखी पंधरा दिवस लागतील. मोरीतला दगड मी घासून ठेवलाय. उजवा हात सरळ होत नाही, म्हणून डाव्याने आपटायची सवय करतेय, ओल्या फडक्यावर. पान भरलं की कापीन, तीनदा आपटीन, आणि टिकलं तरच फूलवाल्याला लिहीन.